घरपट्टीतली सवलत आणि ऊन पाणी

घरपट्टीत सवलत मिळते म्हणून भर मे महिन्यात कढत पाण्याने आंघोळ करणारा माणूस पृथ्वीवर एकच असावा. तो माझा घरमालक आहे. लोणखेड्याच्या महाविद्यालयात ते ग्रंथपाल होते, म्हणून शहाद्यात सगळे त्यांना सर म्हणतात. मिळालेली वस्तू वापरलीच पाहिजे, एवढाच त्यांचा धर्म. पाहुणा उठला की त्याच्या पाठोपाठ पंखा बंद होतो. गच्ची थंड राहावी म्हणून ते तिला दरवर्षी चुना देतात आणि त्या लखलखाटात मोतीबिंदूचा काळा चष्मा लावून फिरतात. एकदा मी वरच्या खोलीतला दिवा चालू ठेवून बातमीसाठी बाहेर पडलो. परत आलो तर सर माझ्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेले. म्हणाले, "जळतोच आहे, तर कोणीतरी वाचायला नको?"

गच्चीवर उन्हाने पाणी तापवणारा सूर्यबंब बसवल्यावर नगरपालिकेने त्यांना घरपट्टीत सूट दिली. हिवाळा सुखात गेला. उन्हाळ्यात साध्या नळालाच हात लावता येईना, तरी सरांच्या बादलीत बंबाचंच पाणी. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, रोज सकाळी न्हाणीच्या दाराशी उभ्या राहून बोलायच्या, "आयकतस का, मे महिनामा उन पानीघाई कोन आंग धोस? एक दिन चक्कर यीसन पडशात!" आतून उत्तर यायचं, "सवलत लिधी शे ना आपन? मंग वापरनंच पडी."

आणि एके दिवशी ते खरोखरच पडले. बाईंच्या हाकेने मी खाली धावलो. दोघांनी मिळून त्यांना बाजेवर टाकलं. डॉक्टर गेल्यावर बाई सरांकडे वळल्या. "ते टाकं काढा, नही ते मी सुरतले निंघी जास," त्या म्हणाल्या. सुरतेला त्यांची मुलगी असते. सरांनी मान हलवून नकार दिला. सूट घ्यायची आणि बंब बंद ठेवायचा, ही त्यांच्या लेखी फसवणूक होती.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या शिंपी चाचांच्या घरून चाची आल्या. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. "भाभी, दो बालटी गरम पानी मिलेगा क्या? जच्चा-बच्चा के वास्ते."

सर बाजेवर उठून बसले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला ते स्वतः बादल्या चाचांच्या ओट्यावर पोचवू लागले, आणि स्वतः माठाशेजारच्या रांजणातल्या गार पाण्याने आंघोळ करू लागले. बादली ठेवून ते लगेच परतत नसत. आत अंगावर पाणी पडून बाळ रडायला लागलं की सर ओट्यावरून ओरडायचे, "चाची, उन जास्त शे का? गार टाका जरासं!" आतून चाची म्हणायच्या, "सरजी, पानी ठीक है, ये लडकाच नाटकी है." यावर सर दिवसभर खूश असत.

चाळीस दिवस झाले. जावई आले आणि मायलेकरं खांडबाऱ्याला गेली. दुसऱ्या सकाळी बाई न्हाणीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पण सर आंघोळीला गेले नाहीत. अर्ज लिहीत बसले होते: सूर्यबंब सध्या वापरात नाही, सबब सवलत रद्द व्हावी. मी त्यांच्यासोबत नगरपालिकेत गेलो. लिपिक हसून म्हणाला, "सर, कोण बघायला येतंय? राहू द्या ना." सरांनी अर्ज पुढे सरकवला. कारण म्हणून त्यांनी लिहिलं होतं, 'बाळ खांडबाऱ्याला गेले.'

लिपिकाने ते दोनदा वाचलं. मग पेन उचलून विचारलं, "किती दिवसांसाठी?"

सरांनी अर्ज परत मागून घेतला आणि 'सध्या' या शब्दाखाली रेघ ओढली.