मामा बोनेटमध्ये, मुहूर्त डोक्यावर

राजूर घाट उतरून मोताळ्याच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले, मग तिसरा दिला आणि रस्त्याच्या कडेला मुकाट उभी राहिली. सव्वाअकरा वाजले होते. रोहिणखेडला माझ्या भाचीच्या, पल्लवीच्या लग्नाचा मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांचा. गाडीत आम्ही दोघंच. मी, म्हणजे नवरीचा मामा, आणि शेजारी महाराज, म्हणजे लग्न लावणारे. नवरीला बोहल्यावर आणणारा आणि मंगलाष्टकं म्हणणारा, दोघेही एकाच बंद गाडीत. ती गाडी दुरुस्त करणारा मेकॅनिकही मीच.

"प्रकाशभाऊ," महाराज शांतपणे म्हणाले, "तुमी म्हणले होते ना, आता ही गाडी थेट नागपूरपर्यंत जाते म्हणून?"

म्हटलं होतं. चहाच्या टपरीवर, पाच माणसांसमोर, मोठ्यानं.

बुलढाण्यात माझं गॅरेज आहे. आता येणाऱ्या गाड्यांना स्कॅनर लावला की गाडी स्वतःच आपलं दुखणं सांगते. महाराजांची गाडी त्या जमान्याच्या आधीची, तिला स्कॅनर लावायला जागाच नाही. पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, हजार सीसीच्या थोडं वर. ताकद चाळीस घोड्यांची, त्यातले बरेच घोडे आता रिटायर झालेले. इंजेक्टर नाही, कार्बोरेटर आहे. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा ठरलेल्या प्रमाणात मिसळणारं भांडं. ठिणगी कधी पाडायची ते कॉम्प्युटर ठरवत नाही, डिस्ट्रिब्युटरमधले दोन चिमुकले पॉइंट ठरवतात. त्यांच्यातली फट गेजनं मोजायची. गेज हरवलं असेल तर जुनी लग्नपत्रिका घालून बघायची, ती बरोबर बसते.

अशा इंजिनाची दुखणीही ठरलेली. पॉइंट जळतात. कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, कचरा अडकतो. इंजिनाला चिकटलेला एक छोटा पंप टाकीतलं पेट्रोल ओढतो, त्याचा रबरी पडदा फाटतो. मला हे सगळं झोपेतही दुरुस्त करता येतं, असा माझा समज होता.

महाराजांच्या गाडीचं दुखणं मात्र तऱ्हेवाईक. गावात फिरली तर उत्तम. लांब निघाली की वीसेक किलोमीटरवर बंद. अर्धा तास उभी राहिली की पुन्हा चालू, जसं काही झालंच नाही. पहिल्यांदा आली तेव्हा मी कार्बोरेटर खोलून धुतला. दुसऱ्यांदा पॉइंट, प्लग, कंडेन्सर आणि पंपाचा पडदा सगळं नवं टाकलं. दोन्ही वेळा चिखली रोडला चार-पाच किलोमीटर ट्रायल घेतली. मस्त चालली. म्हणूनच ताईनं, म्हणजे पल्लवीच्या आईनं, आदल्या दिवशी फोनवर हुकूम सोडला, "महाराजाची बुलढाण्यात सकाळी वास्तुशांत हाये. ते झाली की तू त्याईले घेऊन ये," तेव्हा मी म्हणालो, त्यांच्याच गाडीत येतो. बाकी गाड्या वऱ्हाडात गेल्या होत्या हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला मिरवायचं होतं.

आता मी डोक्याला गुलाबी फेटा, अंगात पांढरा सदरा अशा थाटात बोनेट उघडलं.

मेकॅनिक आधी ठिणगी बघतो. प्लग काढून वायरला लावला, महाराजांना सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी निळी, कडक. म्हणजे करंट ठीक. मग कार्बोरेटरला येणारा पाईप काढला आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. पेट्रोलचा थेंब नाही.

"पेट्रोल संपलं का महाराज?"

"सकाळीच टाकी फुल केली! शुभकार्याले रिकाम्या भांड्यानं निघत नसते."

काटाही फुल दाखवत होता. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. माझ्या डोक्यात लगेच आलं, व्हेपर लॉक. गरमीनं पाईपमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. उपाय सोपा, पंपावर ओलं फडकं टाकायचं.

"महाराज, उपरणं द्या."

"सोवळ्याचं हाये ते!"

"मुहूर्त टळला तर सोवळं घेऊन काय करता?"

महाराजांनी एकदा आकाशाकडे पाहिलं आणि उपरणं दिलं. मी बाटलीतलं पाणी ओतून ते पंपाला गुंडाळलं. पंधरा मिनिटं आम्ही पंपाकडे टक लावून बसलो. पाईप परत जोडला, सेल्फ मारला आणि गाडी चालू! महाराजांनी टाळ्या वाजवल्या. मी फेटा सरळ केला. दीड किलोमीटरवर एका लिंबाच्या झाडाखाली गाडीनं पुन्हा तेच तीन आचके दिले.

तेवढ्यात ताईचा फोन.

"कुठी हायेस तू?"

"येऊन राह्यलो ताई. मोताळ्याजवळच हाओ."

"महाराज?"

"मायाजवळच बसले हायेत."

"मंग गाडीचा आवाज काऊन येत नाही?"

मेकॅनिकची बहीण, तिला कळणारच. मी म्हणालो, "भारी सायलेंट झाली ना ताई गाडी. मीच केली." पलीकडून तिनं काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

महाराजांना तिथून जे हसू सुटलं ते थांबेना. ते गंभीर माणूस. लग्नात फोटोग्राफरला दटावणारे. पण रस्त्याच्या कडेला, उघड्या खांद्यानं, पोट धरून हसत होते. मी मात्र आतून घाबरलो होतो. पल्लवी लहानपणापासून माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली पोरगी. मामा वेळेवर आला नाही हे तिच्या लग्नाच्या दिवशी घडलं तर मी कुठे तोंड दाखवणार होतो? लिफ्ट मागितली. एक टेम्पो थांबला, पण त्यात म्हशी होत्या.

"म्हशीत जाऊ म्हणता?" महाराजांनी डोळे पुसत विचारलं.

"दहा मिनिटात गाडी नाही चालली तर पुढच्या म्हशीत बसू," मी म्हणालो. टेम्पोवाला आमच्याकडे बघत बघत निघून गेला.

बारा वाजायला दहा मिनिटं होती. एकच शक्यता उरली होती. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाईपमध्ये कचरा असेल. तो काढायला पुढून तोंडानं उलटी हवा मारायची. पण हवा टाकीत शिरायची तर टाकीचं झाकण उघडं पाहिजे. मी पाईप सोडवला आणि मागे गेलो. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. जाड, ओलसर, चकचकीत.

"अहो, त्याले हात नका लावू!" महाराज धावत आले. "सकाळीच पूजा केली."

मी डोळे मिटून झाकण फिरवलं.

सुस्सस्स.

टाकीनं लांबलचक श्वास घेतला. बाहेरची हवा आत शिरल्याचा तो आवाज होता. आम्ही दोघं झाकणाकडे बघत राहिलो. मी ते पालथं केलं, उजेडात धरलं आणि मला सगळा उलगडा झाला.

टाकीतलं पेट्रोल जसजसं कमी होतं तसतशी त्या जागी हवा यावी लागते. त्यासाठी या जुन्या गाड्यांच्या झाकणाला सुईएवढं भोक असतं. इथं ते कुंकवानं बुजलं होतं. पाण्याची प्लास्टिकची बाटली तोंडाला घट्ट लावून पाणी ओढून बघा. थोड्या वेळानं बाटली दबते आणि पाणी यायचं थांबतं. तसंच टाकीचं झालं होतं. टाकी गच्च भरलेली, आत हवा थोडी, म्हणून वीस किलोमीटरमध्येच पंप हरायचा. गाडी उभी राहिली की कुठूनतरी हळूहळू हवा झिरपायची आणि ती पुन्हा चालू व्हायची. माझ्या छोट्या ट्रायलमध्ये हे कळणं शक्यच नव्हतं.

"महाराज, हे कुंकू कधीपासून लावता?"

"गाडी घेतली तेव्हापासून. दर वेळी पेट्रोल भरलं की एक बोट. पण कोरडं कुंकू उडून जाये. म्हणून दसऱ्यापासून तुपात कालवून लावतो." आणि मग जरा लाजून, "टाकी म्हणजे गाडीचं तोंडच ना हो. पूजा तोंडाशीच केली पाहिजे."

"तोंडाशीच केली महाराज, पण ते नाकात गेलं."

उन्हानं तूप पातळ होऊन भोकात उतरत होतं आणि त्यामागे कुंकू आत घट्ट बसत होतं. आता हसायची पाळी माझी होती. इतका हसलो की टायरला टेकून खाली बसावं लागलं. महाराज म्हणाले, "हसा मंग, पण उठा आता!" मी फेट्याची पिन काढली, भोकात घातली, लाल गोळी बाहेर आली. फुंकर मारली, हवा आरपार. पाईप जोडला, सेल्फ मारला. गाडी अशी सुटली की मोताळा कधी मागे पडला ते कळलं नाही.

मांडवात पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. ताई दारातच उभी. तिनं आत बोट दाखवलं. मी धावत पल्लवीकडे गेलो. तिनं माझे हात पाहिले, एक काळा आणि एक लाल.

"मामा, त्या हातानं मले शिवू नको! मी एकटी चालत जाईन."

"एकटी कशी जाशीन? मामा कायले आला मंग?"

शेवटी कोणीतरी गमछा दिला. मी हात गमछ्यात गुंडाळून तिचा कोपर धरला आणि तिला बोहल्यावर आणलं. सगळ्या फोटोंत नवरीच्या हातावर निळा-पांढरा चौकडीचा गमछा आहे. मुहूर्त मिनिटावर साधला. महाराजांच्या ओल्या उपरण्याला पेट्रोलचा वास येत होता, पण आवाज खणखणीत होता. "शुभमंगल सावधान" झालं आणि मी ढसाढसा रडलो. लोकांना वाटलं, मामाचा भाचीवर भारी जीव. होताच. पण त्यात सुटकेचं रडूही पुष्कळ होतं.

जेवणं झाल्यावर महाराज हळूच माझ्याजवळ आले. "आता कुंकू कुठी लावू हो?"

"स्टिअरिंगले लावा. तिथं काही श्वास घेत नाही."

मंडळी हा किस्सा ऐकतात आणि महाराजांना हसतात. पण चूक महाराजांची नव्हती. गाडी दोन्ही वेळा गॅरेजात आली तेव्हा ते कुंकू मी पाहिलं होतं. कार्बोरेटर खोलला, पॉइंट बदलले, पंपाला पडदा टाकला आणि झाकणापाशी आलो की हात जोडून पुढे गेलो. नमस्कार जरूर करावा. मेकॅनिकनं मात्र तो झाकण उघडल्यावर करावा.