पपनसाच्या वासाची बियर

नवऱ्याला अमेरिकेत मॉरिसव्हिलमध्ये नोकरी होती आणि मला तिथे नोकरीची परवानगी नव्हती. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करून मी नागपूरला एका डेअरीच्या लॅबमध्ये काम केलं होतं. इथे मी नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या डिपेंडंट व्हिसावर. दिवसभर घरात.

बियर करायचं डोक्यात आलं ते यीस्टमुळे. घरी बियर करणाऱ्यांचं सामान विकणारं एक दुकान जवळच होतं. तिथल्या फ्रिजमध्ये यीस्टच्या नळ्या ओळीने लावलेल्या दिसल्या आणि माझा पाय निघेना. म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, कुठली करायचीय? मी म्हटलं, "सगळ्यात कडू." त्याने इंडिया पेल एल नावाच्या कडू बियरचं सामान काढून दिलं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, आणि हॉप्स म्हणजे एका वेलीची वाळवलेली फुलं.

पहिली बियर कारल्याच्या रसासारखी झाली. सगळे हॉप्स मी सुरुवातीलाच उकळत्या पातेल्यात टाकले होते. उकळलं की कडूपणा उतरतो आणि वास उडून जातो, हे मग कळलं. पुढच्या खेपेला सुरुवातीला चिमूटभर, बाकीचे गॅस बंद करता करता. गोडसर माल्ट कमी केलं, हॉप्सची चव खुलावी म्हणून पाण्यात थोडं जिप्सम घातलं. बियर आंबवायची बादली बाथटबमध्ये गार पाण्यात ठेवली, कारण उन्हाळ्यात यीस्ट बिघडतं. शेवटी चक्का बांधायच्या मलमलीत आणखी हॉप्स बांधून बियरमध्ये सोडले. एका जातीच्या हॉप्सना हुबेहूब पपनसाचा वास यायचा. माझी सगळी रेसिपी त्या वासावर उभी होती.

नवरा एक घोट घेऊन म्हणायचा, "मस्त आहे यार." आणि लॅपटॉप उघडायचा.

दुकानदाराने मात्र मी दिलेली बाटली नेली ती बियर बनवणाऱ्या एका लहान ब्रूअरीच्या मालकाकडे. त्याने मला बोलावलं. त्याला यीस्ट सांभाळणारं माणूस हवं होतं. मायक्रोस्कोप होता, वापरणारं कुणी नव्हतं. मी डोळा लावला आणि पेशी मोजायला लागले. हात काही विसरले नव्हते.

"सोमवारी ये," तो म्हणाला.

"मला परवानगी नाही."

"पण तू इथेच राहतेस ना?"

मी समजावलं. व्हिसा स्पॉन्सर करावा लागेल, वकील लागेल, आणि एवढं करूनही लॉटरीत नंबर लागला तरच व्हिसा. त्याने मान हलवली. आमचं फार छोटं काम आहे, म्हणाला. त्याचा राग धरण्यासारखं काही नव्हतं. फुकट करू का, असंही मी विचारलं. त्याच्या वकिलाने तेही चालणार नाही म्हणून सांगितलं.

घरी नवरा म्हणाला, "ग्रीन कार्ड आलं की कर ना."

"त्याला किती वर्षं लागतील. तोवर मला यातलं काय येत असेल?"

त्याने लॅपटॉप उघडला. 

ब्रूअरीवाल्याने रेसिपी मागितली, मी देऊन टाकली. त्या हिवाळ्यात हॉप्सचा तुटवडा पडला. पपनसाच्या वासाचे कुठेच मिळेनात. त्याने दुसरे घातले. मी आणि नवरा त्याच्या ब्रूअरीत प्यायला गेलो तेव्हा काउंटरवरची मुलगी मलाच सांगू लागली, इंडिया पेल एल म्हणजे काय, कडू का असते. मी ऐकून घेतलं. ग्लासात ओल्या गवताचा वास होता. नवऱ्याने विचारलं, "तुझ्यासारखी झालीये?" मी हो म्हटलं.

पुढच्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूजवळ एका खोलीत राहिलो, त्याला कसंबसं काम मिळालं, नव्या कंपनीतर्फे ग्रीन कार्डचा अर्ज पहिल्यापासून सुरू झाला. बियरचं पातेलं मी पुलावाला वापरायला लागले. खाली रस्त्यावर बस थांबायच्या, माणसं उतरून कामाला जायची. कुणी विचारलं तर मी सांगायचे, पूर्वी लॅबमध्ये होते. पुढे पुढे तेही सांगणं बंद केलं.