पत्र्याखालची दोन डिग्री

शाळेत डिजिटल लॅब आहे. म्हणजे दारावर तशी पाटी आहे, आत टॅब आहेत, भिंतीवर मोठा स्क्रीन आहे आणि दाराला कुलूप आहे. टॅबवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. तपासणी आली की कुलूप उघडायचं, पोरांना ओळीत बसवायचं, टॅब हातात द्यायचे आणि वर दम द्यायचा की चालू करू नका, बिघडतील. पाहुणे जिना उतरले की परत कुलूप, आणि किल्ली हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये. आणि यात कुणालाच काही विचित्र वाटत नाही, याचाच बाईंना जास्त राग यायचा.

बाई नववीला विज्ञान शिकवायच्या. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं करून-बघू बाई. काहीही विचारा, बाई उत्तर द्यायच्याच नाहीत, म्हणायच्या, करून बघू. त्या स्वतः शिकल्या त्या शाळेत मायक्रोस्कोप काचेच्या कपाटात होता. शाळा संपली तरी त्यात डोळा घालायला मिळाला नाही, कपाटाच्या काचेला नाक लावलं म्हणून छडी मात्र मिळाली. तेव्हापासून कुलूपबंद वस्तू दिसली की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

टॅब मिळेनात म्हणून बाईंनी जुने फोन जमवायला सुरुवात केली. फुटलेल्या काचेचे, एकच बटण चालणारे, कसलेही. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, तो गिऱ्हाइकांकडून मागून आणायचा आणि घरी बडबडायचा की या घरात फोन जिथे ठेवावा तिथे सोडून नववीच्या वर्गात सापडतो. सासूबाई तर फोन उशीखाली घेऊन झोपायला लागल्या. त्या फोनांना चिमुकले सेन्सर जोडायचे की फोन आपला आपण दिवसभर खोलीचं तापमान टिपत बसतो. एवढं साधं.

आता नववीचे दोन्ही वर्ग सगळ्यात वर, पत्र्याखाली. मधल्या सुट्टीनंतर पोरं पेंगायची. शिक्षकांच्या खोलीत यावर एकमत होतं की ही बॅचच आळशी आहे. एक दिवस वर्गातली एक मुलगी उभी राहिली. तिला सगळे टोचणी म्हणायचे, कारण प्रश्न विचारून विचारून ती समोरच्याला भोकं पाडायची. ती म्हणाली, "बाई, आम्ही आळशी असतो तर सकाळी पण पेंगलो असतो ना?"

झालं. प्रोजेक्ट ठरला.

सहामाहीपर्यंत वर्ग त्याच्यातच होता. नववी अ आणि ब, दोन्हीकडे फोन टांगले. मग पोरांनीच ठरवलं की पत्र्याला चुना मारायचा, पण फक्त अ च्या. ब चा तसाच ठेवायचा, म्हणजे फरक कळेल. ब ची पोरं भांडायला आली, आम्ही काय सावत्र आहोत का म्हणून. टोचणीने त्यांना समजावलं की तुम्ही भाजल्याशिवाय आम्ही गार झालो हे सिद्ध कसं होणार, आणि ती पोरं खरंच छाती फुगवून परत गेली. चुन्यात फेविकॉल घातला की तो लवकर उडत नाही, हे कुणाच्या तरी रंगारी काकांनी सांगितलं. बाई पदर खोचून स्वतः शिडी धरून उभ्या होत्या.

आणि उत्तर आलं दोन डिग्री.

पोरांचे चेहरे पडले. एवढा चुना, एवढी शिडी, आणि फक्त दोन? बाई मात्र हरखल्या होत्या. त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या की अरे, दोन म्हणजे दोन, हे जगात कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, हे तुम्ही शोधलंत. पेंगणं कमी झालं नाही म्हणजे कारण नुसता पत्रा नाही, अजून काहीतरी आहे, आता ते शोधू. टोचणीला ते पटलं. तिने तक्त्यावर मोठ्ठा दोन काढला.

तिथे सरळरेषा सर आले. दहावीचं विज्ञान त्यांच्याकडे, शाळेतले सगळ्यात सीनियर. त्यांच्या पोरांचा आलेख कधीच वाकडातिकडा येत नाही, पट्टी लावल्यासारखा येतो, म्हणून हे नाव. येणारच ना! प्रॅक्टिकलची त्यांची पद्धत ठरलेली: उत्तर काय यायला हवं ते आधी फळ्यावर लिहायचं, मग त्याला जुळतील अशी रीडिंग मागून भरायची. प्रयोग नाही केला तरी चालतो. वर्षानुवर्षं चाललंय, पोरांना पैकीच्या पैकी मिळतात, ओरडायचं कुणी? सर मनाने वाईट नाहीत हो. त्यांना खरंच वाटतं की विज्ञान म्हणजे हेच.

त्यांनी तक्ता पाहिला आणि त्यांना पोरांची दया आली. चूक झालीय बिचाऱ्यांची. त्यांनी रीतसर उत्तर शोधलं, कुठल्यातरी व्हिडिओत एक माणूस म्हणत होता चुन्याने दहा डिग्रीपर्यंत फरक पडतो. मग काय, दहा. त्यांनी हेडसरांना सांगितलं, हेडसरांनी बाईंना बोलावलं. विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलंय, दोन डिग्री घेऊन गेलो तर लोक हसतील, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, आलंय ते दोन आलंय. हेडसर म्हणाले, तुम्ही फार ताणता बाई. बाई तडक निघून आल्या, त्यांना वाटलं विषय संपला.

संपला कसला. बाई पेपर तपासायच्या कामावर गेल्या तेवढ्या काळात सरांनी पोरांना बसवून नवा तक्ता करून घेतला, सुंदर सरळ रेघेचा. आणि टोचणीला भाषण पाठ करून घेतलं.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये बाईंनी तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा परीक्षक टेबलापाशी पोचले होते. परीक्षकांनी विचारलं, किती फरक पडला? टोचणीने बाईंकडे पाहिलंच नाही. समोरच्या भिंतीकडे बघत पोपटासारखं म्हणाली, "दहा डिग्री, सर."

बाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "नाही. दोन. मुलांनी मोजलंय ते दोन आहे. हा तक्ता खोटा आहे."

आता काय व्हायला हवं होतं? कुणीतरी दचकायला हवं होतं, नाही का? प्रोजेक्ट बाद व्हायला हवा होता. परीक्षकांनी फक्त हात हलवला. म्हणाले, "जाऊ द्या हो मॅडम, शाळेतली मुलं आहेत, आकडा इकडेतिकडे चालतो. मांडणी छान आहे." आणि दुसरं बक्षीस दिलं! सरळरेषा सरांनी पोरांच्या पाठी थोपटल्या. हेडसरांनी बाईंना कोपऱ्यात घेऊन एवढंच सांगितलं की आपल्याच पोरांना चारचौघांत खोटं पाडणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

तेच बाईंना लागलं. कारण टोचणी बोलेना. वर्गात प्रश्न बंद, मान खाली. शेवटी बाईंनी जिन्यात गाठलं तर म्हणाली, "सर म्हणाले दोन सांगितलं तर तुमच्याकडून नववी काढून घेतील. म्हणून मी पाठ केलं. आणि तुम्हीच मला सगळ्यांसमोर..." आणि धडाधड पायऱ्या उतरून गेली. म्हणजे पोरीला खोटं बोलायला लावायला सरांनी तिची बाईंवरची मायाच वापरली.

तोवर फाटकावर फ्लेक्स लागला होता. आमच्या विद्यार्थ्यांचं यश, चुना लावा, घर दहा डिग्री थंड करा. खाली हेडसरांचा फोटो, आणि पोरांचे फोटो त्याहून लहान.

शाळेमागची अख्खी गल्ली पत्र्याची. टोचणीची मावशी तिथेच राहते, घरात शिलाई मशीन, पाळण्यात लेकरू, अंगभर घामोळं. पंख्यासाठी जमवत होती. फ्लेक्स वाचला, भाचीचा फोटो पाहिला, आणि पंखा राहू दे म्हणत नवऱ्याला पत्र्यावर चढवलं. चुना, फेविकॉल, ब्रश, शिडीचं भाडं, पंख्याचे पैसे त्यात घालून बसली. आठवडाभराने भाचीला विचारलं, अगं, गार कधी होणार?

टोचणी बाईंना घेऊन गेली. फोन टांगला, शेजारच्या बिनचुन्याच्या खोलीतही टांगला, दुपारभर दोघी मशीनशेजारी बसल्या. इथेही दोनच्या आसपास. मावशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. लेकराला पदराने वारा घालत म्हणाली, "दोन तर दोन. पण आधी तसं सांगायचं ना बाई, मी पंखाच घेतला असता."

बाई तिथून सरळ हेडसरांच्या केबिनमध्ये गेल्या. फ्लेक्स काढा म्हणाल्या. लोक आकड्यावर विश्वास ठेवून पत्र्यावर चढतायत. हेडसर म्हणाले, लावलेला फ्लेक्स काढला तर शाळेची काय राहील? आणि एक सांगायचं होतंच, पुढच्या महिन्यापासून तुम्ही पाचवीला, नववी सर घेतील. म्हणजे टोचणीने जे वाचवायला तोंड खोटं केलं तेही गेलंच. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

बाईंनी वर्गात जाऊन जसंच्या तसं सांगितलं. लपवायचं कशाला? सरळरेषा सर किती मार्क देतील याची कुजबुज मागे कुठेतरी झाली, तीही विरली. मग टोचणी उभी राहिली. किती दिवसांनी! म्हणाली, बाई, गल्लीत अजून कुणी कुणी चुना मारणार आहे ते आपल्याला माहीत नाही. विचारायला जाऊ या?

शाळा सुटल्यावर निघाले, नववी अ आणि सावत्र ब, फोन दप्तरात. दारोदार सांगत सुटले की दहा खोटं आहे, दोनचाच फरक पडतो, दोनसाठी करायचं तर करा, तुमची मर्जी. काहींनी ऐकलं. काहींनी दार लावलं. एका घरापाशी चुन्याची बादली कालवून तयार होती, रिक्षावाला पँट दुमडून शिडीवर पाय ठेवत होता. तो हसला. म्हणाला, "शाळा म्हणते दहा, तुम्ही म्हणता दोन. माणसाने धरावं कुणाचं?"

बाई बोलायला गेल्या, पण टोचणी आधीच दप्तर उघडून बसली होती.

"कुणाचंच नका धरू काका," ती म्हणाली. "हा फोन घ्या. आज एकदा टांगा, चुना मारल्यावर परत टांगा. तुम्हीच बघा."

तो शिडीवरून उतरला. फोन उलटासुलटा करून पाहिला, सेन्सरला बोट लावलं, आकडा चढला तसं दचकून बोट काढलं. मग बायकोला हाक मारली, म्हणाला, अगं, एक खिळा दे.