फ्लेक्सवरचा ‘दरवाजा’

संद्या मेला, आणि मी घातलेली शिवी त्याच्या फ्लेक्सवर छापून आलीय.

काळाचौकीच्या नाक्यावर जाऊन बघा. ‘कालकथित संदीप उर्फ दरवाजा’. खाली आपण सगळे मित्र, हात जोडून, गॉगलसकट.

परवापासून तुम्ही ‘मिस यू दरवाजा’ टाकताय.
कोणाला आठवतंय का रे, हे नाव कुठून आलं?

मला आठवतंय.

कॉलेज संपल्यावर आपण परळच्या मैदानात अमेरिकन फुटबॉल खेळायचो. हो, तोच हेल्मेटवाला. हेल्मेट सगळ्यांना पुरायची नाहीत, ती गोष्ट वेगळी.

मी क्वार्टरबॅक. म्हणजे बॉल फेकणारा, टीमचा हिरो. का, तर मी फणसवाडीतल्या पांढरपेशा घरातला, इंग्लिश फाडायचो.

संद्या लाइनमध्ये. म्हणजे माझ्यापुढे उभं राहून माझ्या वाटचा मार खाणाऱ्या पाच जणांतला एक. का, तर वजन.

लाइनवाल्याच्या हातात बॉल कधी येतच नाही. एकदा प्रॅक्टिसला त्याने सहज उचलून फेकला. माझ्यापेक्षा लांब गेला.
मी म्हटलं, “संद्या, तू गप हमाली कर ना.”

त्याचे वडील शिवडीच्या गोदामात हमाल होते. मला माहीत होतं.
तो हसला. तुम्हीपण हसलात.

मग ती फायनल. शेवटचा प्ले.

लाइनने समोरच्यांना तीन-चार सेकंद थोपवायचं, तेवढ्यात क्वार्टरबॅकने बॉल सोडायचा, एवढा साधा हिशोब असतो. त्यापुढे कोणाचा बापही थोपवू शकत नाही.

आपला माणूस दहा पावलांवर मोकळा होता. हात वर करून बोंबलत होता. पण मला लांबचाच फेकायचा होता, कारण बाहेर कोणीतरी व्हिडिओ काढत होतं.

मला आडवा केला. संद्याच्या बाजूने. बॉल हातातून निसटला, मॅच गेली.

उठलो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, “साला हा लाइनमन आहे का दरवाजा? या, कोणीपण आत या!”

चिकटलं ना नाव. त्यानंतर आपण जिंकलो की माझ्यामुळे, हरलो की दरवाज्यामुळे.

वर्षभराने तो यायचा थांबला. मी म्हटलं, “बरं झालं, दरवाजा बंद झाला.” त्यावरही तुम्ही टाळ्या दिल्यात.

तो व्हिडिओ तेव्हापासून माझ्याकडे आहे. मोजलंय मी. संद्याने सात सेकंद धरलं. दोघांना, एकट्याने. आणि सातही सेकंद बॉल माझ्या हातात होता.

ग्रुपवर कधी टाकला नाही. टाकणार कसा?

काल त्याच्या घरी गेलो. काकी, म्हणजे संद्याची आई, माझा हात धरून म्हणाली, “बाळा, तुम्ही त्याला दरवाजा का म्हणायचात रे? मी विचारलं की नुसता हसायचा.”

मी म्हटलं, “काकी, आडदांड होता ना. तो पुढे उभा राहिला की कोणाची आत घुसायची टाप नव्हती.”

काकीला इतकं बरं वाटलं. लगेच संद्याच्या बहिणीला हाक मारली, “प्रणाली, फ्लेक्सवर तेपण लिहायला सांग गं. पोरं प्रेमाने म्हणायची.”

मी समोरच बसलो होतो. चहा पीत.

प्रणाली, तुलाही हे पाठवतोय, व्हिडिओ खाली टाकलाय. आधी तू बघ, मग हे सगळं काकीला वाचून दाखव. फ्लेक्स मी आज उतरवतोय. नवा लावतो, त्यावर नुसतं संदीप. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला येईन. काकीने दारातूनच हाकललं तरी येईन.

संद्या, ती मॅच मी घालवली. आज लिहितोय, कारण आता तू वाचणार नाहीस. एवढीच माझी हिंमत.

तू मैदानात आल्या आल्या जय भीम म्हणायचास, मी नुसतं ‘हाय’ म्हणायचो.

जय भीम, भावा.