अर्ध्या विटेवरचा टँकर

इक्बालभाई मला समजावत होते की गाडी जागची हलणार नाही, आणि त्यांच्या पाठीमागे गाडी हलत होती.

मी बडोद्यात मकरपुऱ्याकडच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे सगळ्यांना नकोशी बाई. हेल्मेट घाला, बूट घाला, इथे बिडी ओढू नका, असं दिवसभर म्हणत फिरायचा मला पगार मिळतो. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यांच्या हुकमाला लोक चळाचळा कापत म्हणे. माझ्या हुकमाला 'हा बेन', म्हणजे 'हो ताई', एवढंच उत्तर येतं, आणि माझी पाठ वळली की बिडी पुन्हा पेटते.

त्या दिवशी एका रिकाम्या टँकरचे मागची ब्रेक चेंबरं बदलायची होती. हे थोडं समजून घ्या. आपल्या कारचा हँडब्रेक आपण ओढून लावतो. जड गाड्यांचं उलट असतं. मागच्या चाकांजवळ डब्यासारखं चेंबर असतं, त्यात एक दणकट स्प्रिंग. ती स्प्रिंगच ब्रेक आवळून धरते. हवेचा दाब दिला की स्प्रिंग मागे सरते आणि गाडी सुटते. चेंबर बदलायचं तर आधी एक लांब बोल्ट घालून स्प्रिंग मागे खेचून बांधावी लागते. नाहीतर ती उसळून मेकॅनिकचं डोकं घेऊन जाईल. पण स्प्रिंग बांधली म्हणजे ब्रेक सुटला. केबिनमधला लिव्हर मात्र ब्रेक लागल्याचंच सांगत राहतो.

म्हणून मी आमचे मालक जयेशभाई यांच्याकडे व्हील चॉक मागत होते. चाकाच्या पुढेमागे अडकवायच्या जाड रबरी पाचरी. जयेशभाईंचं म्हणणं, गाडी बनवणाऱ्यांनी ब्रेक दिलाय, मग आपण आणखी काय द्यायचं? मी म्हटलं, खंडेराव मार्केटमधला भाजीवालासुद्धा हातगाडीच्या चाकाखाली दगड लावतो. ते म्हणाले, हातगाडीला ब्रेक नसतो. दुरुस्तीला काढलेल्या टँकरलाही नसतो, असं मी म्हणाले. तेवढ्यात त्यांना फोन आला. अशा वेळी त्यांना नेहमी फोन येतो.

तर इक्बालभाई, आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, चाकं लावलेल्या फळीवर उताणे झोपून टँकरखाली गेले होते. वेळ वाचावा म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकदमच बांधून टाकल्या होत्या. मी राउंडला आले तेव्हा तो सगळा टँकर एका चाकाखालच्या अर्ध्या विटेवर उभा होता. वीटही कुठल्या तरी पाडलेल्या भिंतीची, तिला प्लास्टर तसंच चिकटलेलं.

मी खाली वाकून म्हटलं, "इक्बालभाई, आधी बाहेर या. मग बोलू."

काम संपवून येतो म्हणाले. मी म्हटलं, तोवर मी इथेच बसते. आणि खरंच बसले, ऑइल सांडलेल्या फरशीवर. बाई अशी बसलेली त्यांना पाहवेना. पोट सांभाळत, कुरकुरत ते बाहेर आले आणि हातातला पाना माझ्यासमोर नाचवत म्हणाले, "बेन, गाडी क्यांय नहीं जाय."

गाडी कुठेही जाणार नाही. तेवढ्यात खाडकन आवाज झाला. वीट बिस्किटासारखी फुटली होती.

टँकर आरामात निघाला. गाड्या धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून आमच्या फरशीला थोडा उतार आहे. तो उतार कँटीनकडे जातो, आणि जेवणाची सुट्टी झालेली. मी जिवाच्या आकांताने ओरडले. काही लोक ताटं टाकून पळाले, आणि काही शूर मंडळी उलट टँकर हातांनी धरायला धावली. त्यांना शिव्या घालून मागे हटवलं. मला इतक्या शिव्या येतात हे मलाही नवीन होतं. रणजित नावाचा ड्रायव्हर केबिनमध्ये चढला आणि त्याने पायातला ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. तो ब्रेकही हवेवर चालतो, आणि हवा कामासाठी आधीच काढून टाकलेली.

टँकर थांबला तो कँटीनच्या अलीकडे रचलेल्या जुन्या टायरच्या ढिगात घुसून. तो ढीग आग पकडेल, ताबडतोब हटवा, असं मी कित्येक महिने ओरडत होते. कुणी ऐकलं नाही म्हणून कँटीनमधली माणसं वाचली. सेफ्टी ऑफिसरने याच्यावर काय बोलावं?

कुणाला खरचटलंही नाही. इक्बालभाई मात्र एका जागी खिळल्यासारखे उभे होते. ज्या फळीवर झोपून ते खाली गेले होते तिच्यावरून मागचं चाक गेलं होतं आणि तिचा भुगा झाला होता. मग त्यांनी चहा मागवला, साखर घालून. त्यांना मधुमेह आहे. त्यांना अडवण्याऐवजी मीही तोच चहा प्यायले.

जयेशभाईंनी त्याच संध्याकाळी चॉक मागवायला सांगितले. परचेसच्या निलेशने तत्परतेने आणलेही. पांढऱ्या आणि रंगीत खडूंची खोकी. मग मी त्याला हाताने चित्र काढून दिलं, तेव्हा कुठे रबरी पाचरी आल्या. आता प्रत्येक गाडीच्या चाकाला पुढून आणि मागून त्या लागतात, आणि लावल्या नसतील तर इक्बालभाई गाडीला हात लावत नाहीत. दुसऱ्याने लावला तर त्याला माझ्याहून जास्त ओरडतात.

टायरचा ढीग हटवायचं मी पुन्हा काढलं. जयेशभाई म्हणाले, "बेन, टायर तो हवे रहेवा ज देजो." टायर आता राहूच द्या म्हणे. त्यांच्या मते कंपनीत खरी सेफ्टी त्या ढिगानेच केली होती.

मी एवढंच शिकले, की जी वस्तू दुरुस्तीला काढली आहे, तिच्याच भरवशावर तिच्याखाली झोपू नये.