बिनविटेचा बिल्डर

मलकापूरच्या तहसील कचेरीच्या आवारात ज्याला सर्व जण 'बिल्डर' म्हणत, त्या इसमाने हयातीत एकही वीट स्वहस्ते लावलेली नव्हती. तरीही पंचक्रोशीतील कित्येक सभामंडप, दुकानांचे गाळे आणि बंगले प्रथम त्यानेच उभे केले. माझ्या अर्जनवीसाच्या टेबलाला लागून त्याची टपरी होती. मोकळ्या जागेचे खरे छायाचित्र काढायचे आणि संगणकावर घडवलेली इमारत त्यात अशी बसवायची, की पाहणाऱ्याने दार लोटण्यास हात पुढे करावा, हा त्याचा धंदा. अशा चित्रास 'संकल्पचित्र' म्हणतात, हे आवारातील लोकांस मीच समजावून सांगितले होते. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी शब्दांच्या बाबतीत लोक मलाच विचारीत.

जागा डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तो कामाला हात लावीत नसे. गाव कितीही लांब असो, हा एसटीने जायचा, उन्हात उभा राहायचा, बाभळीची सावली कोणत्या अंगाला पडते ते बघायचा आणि मग परत येऊन तशीच सावली आपल्या घराला द्यायचा. "घर कोनाचंबी असो काका," तो म्हणे, "ऊन त्या गावचंच पाह्यजे."

संगणकात तयार मिळणाऱ्या माणसांवर त्याचा राग होता. ती सर्व परदेशी, कोट घातलेली, हातात कॉफीचा पेला धरलेली. "हे साहेब लोकं आपल्या गावात फिरले तर कुत्रे सोडतीन काय त्याइले?" असे म्हणून त्याने स्वतःची माणसे घडवली. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, खांद्यावर दुपट्टा टाकलेला म्हातारा, आणि मी. होय, मी. एके दुपारी त्याने मला आवारात चालावयास लावले, चहूबाजूंनी छायाचित्रे काढली. "तुमी चालता ना काका, तं वाटते कचेरी तुमच्या बापाचीच हाये." मी ती स्तुती समजलो. तेव्हापासून अनेक नियोजित इमारतींसमोर, काखेत फाईल घेऊन, मी पाठमोरा चालत असे. येणाऱ्या पक्षकारांना मी ते आवर्जून दाखवीत असे.

त्या सुमारास माझ्या मुलीसाठी, सुषमासाठी, स्थळे पाहणे चालू होते. पक्के दुमजली घर असल्याखेरीज स्थळ आणू नये, असे मी मध्यस्थास बजावले होते. त्याने हिवरा आश्रमाच्या अलीकडच्या एका गावचे स्थळ आणले आणि घराचे छायाचित्र माझ्या मोबाईलवर पाठवले. वर गच्ची, समोर फाटक, बाजूस कडुनिंब. फाटकाजवळ फेटा बांधलेला एक गृहस्थ पाठमोरा उभा. मी ते छायाचित्र आवारभर फिरवले. मुद्रांक विक्रेत्याला म्हणालो, "हा मुलाचा काका असावा. उभे राहण्यातच खानदान दिसते."

बिल्डर चहा घेऊन आला होता. त्याने मोबाईल हातात घेतला आणि चहाचा ग्लास माझ्या टेबलावर ठेवून दिला.

"काका, हे कुठून आलं तुमाले?"

"सुषमाचे स्थळ आहे. काऊन, काय झाले?"

त्याने चित्र मोठे करून चारही कोपरे पाहिले. मग सर्वांदेखत म्हणाला, "हे घर म्या बांधेल हाये. तिथं दोन खोल्या हायेत, टिनाच्या. मध्यस्थ म्हने, त्या लोकाइले पुढच्या साली बांधाचं हाये. कोपऱ्यात म्या संकल्पचित्र लिवलं होतं, ते कोनं तरी कापलं."

"आणि हा गृहस्थ?"

"फेटा म्या बांधला, काका. मान तुमचीच हाये."

मुद्रांक विक्रेता खुर्चीतून पडायचा राहिला. "म्हंजे अर्जनवीस सोताच सोताचे व्याही झाले ना बे!" सारे आवार हसले. फक्त बिल्डर हसला नाही.

खोटा अंगठा मी नुसत्या नजरेने ओळखतो, अशी माझी ख्याती होती. त्या लोकांस तोंडावर खडसावण्याचे मी ठरवले आणि साक्षीदार म्हणून बिल्डरला सोबत घेतले. वाटेत चिखलीला गाडी बदलली, तोवर माझे वाक्य न् वाक्य तयार होते.

कडुनिंब खरा होता. त्याखाली टिनाच्या दोन खोल्या, शेणाने सारवलेले स्वच्छ अंगण. मुलगा आम्हांला पाहून आत गेला तो बाहेर आलाच नाही. त्याच्या आईने नव्या कपांत चहा आणला आणि खाली पाहतच म्हणाली, "चार जागी नाई म्हनलं, भाऊ. घरच पाह्यतात, पोरगं कोनी पाह्यत नाई. तुमची तं अटच होती म्हने दुमजलीची."

माझे एकही वाक्य मला आठवले नाही. माझी अट मला दुसऱ्याच्या अंगणात परत ऐकावी लागली.

ती माउली मग बिल्डरकडे वळली. "तुमीच काहाडलं ना ते घर? मंग एक सांगा. ते आमच्या या जाग्यात खरंच बसते काय?"

बिल्डरने अंगणावरून नजर फिरवली. "बसते, माय. मोजूनच बसवलं."

ती प्रथमच हसली, आणि आम्हां दोघांनाही तिच्याकडे पाहवेना.

घरी आल्यावर मी सुषमाला सर्व हकिगत सांगितली. फसवणूक कशी उघडकीस आणली, यावर भर देऊन. तिने ऐकून घेतले. "टिनाचं चाललं असतं, बाबा. पोराले मी फोनवर बोलली होती, मले तो पटला होता. दुमजली तं तुमाले पाह्यजे होतं." ते स्थळ मी मोडलेच होते, मध्यस्थाला रस्त्यातूनच फोन केला होता. पुन्हा कोणत्या तोंडाने जावे, हे मला सुचले नाही. गेलो नाही.

बिल्डरने नंतर खासगी घरांची कामे घेणे सोडले. "मानसं त्यात राहाले जातात, काका," एवढेच तो म्हणाला. पुढे टपरी चालेना. त्याला दूर शहरात एका बांधकाम व्यावसायिकाकडे नोकरी मिळाली. आवारात मात्र मी, त्याच्यामुळे माझी अब्रू गेली, असेच सांगत राहिलो आणि त्याच्याशी बोलणे टाकले. ते सांगणे सोपे होते.

जायच्या दिवशी तो पिशवी घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "येतो, काका."

मी मान वर केली नाही. कुणाचा तरी महत्त्वाचा अर्ज लिहीत असल्याप्रमाणे लेखणी धरून बसलो. तो थोडा वेळ थांबला, मग गेला. समोर पक्षकार कोणीही नव्हता, आणि कागद कोरा होता. तो त्यालाही दिसत होता.