माकडाला बावन्न

सहदेव घाडींना जगात एकच काम उत्तम यायचं, ते म्हणजे दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं. आणि गंमत बघा, या कामाचा त्यांना सव्वीस वर्षं पगार मिळत होता! परळच्या एका गिरणीत ते तयार कापड तपासायला बसायचे. समोरून ठाण सरकायचं आणि त्यावरून घाडींचा डोळा. तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ वीण, काही म्हणता काही सुटायचं नाही. मग संप झाला, गिरणीला टाळं लागलं आणि पन्नाशीतला हा धडधाकट माणूस घाटकोपरच्या पंतनगरात, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत येऊन बसला. नोकरी गेली, पण डोळा कुठे जाणार?

त्या डोळ्याचा जाच शेवंतीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला. वरणात मीठ कमी, पडद्याची शिवण तिरकी, भिंतीवरच्या कॅलेंडरचा खिळा अर्धा इंच डावीकडे. एकदा "घावण्याक भोकां कमी पडली" म्हणाले, तेव्हा बाई उलथनं घेऊनच वळल्या. "माका काय मिलचा कापड समाजलात? मिल बंद पडली, पण तुमचा त्वांड काय बंद पडना नाय!"

घाडी रागावले नाहीत, त्यांना वाईट वाटलं. गिरणीत ठाणाच्या चिठ्ठीवर त्यांचा आकडा पडेपर्यंत गाठोडं बांधलं जात नसे, मॅनेजरसुद्धा उभा राहायचा. आणि आता चार वर्षं झाली, "घाडी, तुमचं काय म्हणणं?" असं विचारणारं माणूस उरलं नव्हतं. पैशाची ओढाताण ते सोसत होते, पण हे सोसवत नव्हतं.

म्हणून ते रोज सकाळी तळमजल्यावर पद्मजाबाईंच्या वाचनालयात जाऊन बसायचे. मासिकं भाड्याने देणारं ते छोटंसं दुकान. पेपर फुकट वाचायचे आणि वर तक्रार करायचे की, "ताई, या मासिकात बावीस पान दोनदा आहे आणि तेवीस नाहीच." पद्मजाबाईंनी हात टेकले होते.

शहाऐंशी साली त्या वाचनालयाला उतरती कळा लागली. लोक व्हिडिओ आणून सिनेमे बघायला लागले, मासिकं कोण वाचतंय? तेव्हा बाईंच्या मस्कतच्या दिरांनी आठ व्हिडिओ गेम पाठवून दिले. हातात मावणारे, बटणं दाबायची, पडद्यावर काळी चित्रं उड्या मारतात. बाईंनी ते तासावर द्यायला सुरुवात केली. पण येणारा प्रत्येक जण विचारायचा, "यातला चांगला कुठला?" बाईंना काय ठाऊक! त्यांना चालूबंद करता येत होतं, तेवढंच.

गेमांबरोबर एक इंग्रजी मासिकही आलं होतं. त्यात चार गोरे दाढीवाले प्रत्येक गेम खेळून बघत आणि शंभरपैकी गुण देत. बाईंनी ते कौतुकाने घाडींना दाखवलं.

"म्हणजे हे लोक गेम तपासून पगार घेतात?" घाडींचे डोळे मोठे झाले.

"घेत असतील. काका, तुम्ही बघता का आपले? लोकांना सांगायला बरं."

घाडींनी चष्मा पुसला. दोनदा पुसला. मग म्हणाले, "एक वही लागेल."

आणि महाराज, सुरू झालं! घाडी गेम खेळत नसत, तपासत. गिरणीत जी पद्धत तीच इथे. बारीक खोट असेल तर एक गुण, मोठी असेल तर चार, मधल्यांना दोन-तीन, शेवटी बेरीज. माकड नारळ झेलतं असा एक गेम होता. त्याने तर घाडींचं डोकंच फिरवलं. वहीत नोंद झाली: 'नारळ सरळ रेषेत पडतो, वारा नाही काय? दोन. माडाखाली उभं राहून नारळ झेलणारा जिवंत राहात नाही, मग माकड असो की माणूस, चार. नारळ फुटल्यावर माकड स्वतःच हसतं, तीन. पिपाणीसारखा आवाज बंद करायची सोय नाही, चार.' असं करत करत बेरीज गेली बावन्नावर! उलट होडीच्या गेममध्ये त्यांना सात गुणांच्या वर काही सापडेना. होडी बिचारी सरळ जायची, सरळ यायची.

वाचनालयाबाहेर मंडळाचा फळा होता. पाणी कधी जाणार, पूजा कधी, कोण वारलं, सगळं त्याच्यावर. त्याचा अर्धा भाग बाईंनी मागून घेतला. घाडींनी खडूने नीट लिहिलं: माकड ५२. होडी ७. मधे बाकीचे सहा. आणि खाली सही. खुलासा एका शब्दाचा नाही. गिरणीच्या चिठ्ठीवर आकडा तेवढाच असे आणि चाळीसच्या वर म्हणजे चिंधी, टाकाऊ माल, हे तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. हे जगाला सांगावं लागेल, असं त्या भल्या माणसाच्या स्वप्नातही आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात रांग! घाडींनी वरच्या खिडकीतून पाहिलं आणि त्यांची छाती फुगली. ते इस्त्रीचा सदरा घालायला लागले. जिन्यात कोणी भेटलं की जरा थांबायला लागले. घावण्याबद्दल तर एक अक्षर बोलले नाहीत. शेवंतीबाईंना वाटलं, माणूस आजारी बिजारी आहे की काय!

असे तीन महिने झकास गेले. आकडा पडला की तपासणाऱ्याचं काम संपलं, म्हणून कोण कुठला गेम नेतं हे घाडींनी कधी पाहिलंच नाही. मग एका रविवारी समोरच्या बिल्डिंगमधला भीमराज, पोस्टात काम करायचा, त्यांना फळ्यापाशी गाठून म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला! माकड म्हणजे माकड! आई सोडतच नाही हो, दुपारची झोप बंद झाली तिची. बावन्न कमीच दिलेत, मी तर साठ दिले असते."

"साठ? एवढा वाईट आहे?"

"वाईट? अहो, चांगला म्हणतोय मी! पहिला नंबर ना त्याचा?"

घाडींच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी वाचनालयाकडे पाहिलं. रांगेतला जो तो माकडासाठी उभा होता. होडी तीन महिन्यांत एकानेही नेली नव्हती. सात गुणांचा नापास गेम कोण नेणार, सांगा!

"अरे, बावन्न म्हणजे चिंधी!" घाडी ओरडले. "जितके गुण जास्त, तितका माल खराब!"

रांगेत मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी रांगच हसत सुटली. पद्मजाबाई धावत बाहेर आल्या, हळूच म्हणाल्या, "काका, जाऊ द्या ना. सगळे खूश आहेत, कशाला उकरताय?"

"तीन महिने माझ्या सहीखाली खराब माल गेला, ताई! सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं." त्यांनी सगळ्यांदेखत खडू घेऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'वरचे आकडे चुकांचे आहेत. होडी उत्तम. माकड घेऊ नये.' आणि खालमानेने घरी निघून गेले.

चार दिवस ते खाली उतरले नाहीत. पेपर नाही, सदऱ्याला इस्त्री नाही. शेवंतीबाईंनी मुद्दाम घावणा जाडजूड करून वाढला, निदान त्यावर तरी बोलतील म्हणून. ते निमूट जेवले. मग मात्र बाई घाबरल्या.

पाचव्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर पद्मजाबाई, त्यांच्या हातात खोका. मागे भीमराज, त्याची म्हातारी आई सुंदराबाई आणि जिन्यात खालपर्यंत माणसंच माणसं.

"काका, नवा गेम आलाय," पद्मजाबाई म्हणाल्या. "कोणी हात लावायला तयार नाही. म्हणतात, घाडीकाकांचा आकडा पडू दे आधी."

"चेष्टा करता का माझी?" घाडी दारातून हललेही नाहीत. "मी वाईट म्हणतो ते तुम्ही नेता, चांगलं म्हणतो ते नेत नाही!"

"नेलं ना भाऊ!" सुंदराबाई पुढे झाल्या. "तुमची होडी मी परवाच नेली. लई गुणाची हाय, एक खोट न्हाई तिच्यात. पर बसल्या बसल्या डोळा लागला की वो माझा! मग माकड घेतलं तवा कुठं जाग आली."

सगळे हसले. घाडींना हसावं की रडावं कळेना.

भीमराज म्हणाला, "काका, तुमचा आकडा आजवर एकदाही चुकला नाही. बावन्नात बावन्न गमती निघतात आणि सातात सातच. आम्ही वरून वाचतो, तुम्ही खालून, एवढंच. पण तुम्ही आकडा टाकल्याशिवाय आम्हाला कळणार कसं?"

घाडींनी खोका घेतला, उलटा केला, कोपरे चाचपले.

"वेळ लागेल," ते म्हणाले. "घाई चालणार नाही."

"थांबतो की!" जिन्यातून आवाज आला.

आणि थांबली हो खरंच! वीसएक माणसं पायऱ्यांवर टेकली. घाडी आत जाऊन वही उघडून बसले. खाली गलका वाढला तशा शेवंतीबाई दारात आल्या, पदर खोचून, डोळे पुसत, आणि सगळ्या जिन्याला दटावून म्हणाल्या, "गप ऱ्हवा रे जरा! ते तपासतत."